बाटिकांतील भेग

बाटिकाचें कापड समोर आलें, कीं त्यावरील बारीक भेगांच्या जाळ्याकडे बोट दाखवून 'हीच खरी खूण' असें म्हणण्याची आपल्याकडे रूढि पडली आहे. दगडखाणींचें गाव म्हणून ठाऊक असलेलें आणि २०२१ सालीं पुणें महापालिकेंत आलेलें वाघोली घ्या. तेथील नव्या इमारतींतील दिवाणखान्यांतहि असे पट भिंतीवर दिसतात, आणि वाखाणणी होते ती भेगांचीच. आमच्या मतें ही स्तुति अस्थानीं आहे.

वितळलेल्या मेणानें कापडाचा जो भाग झांकावा, तेथें रंग शिरत नाहीं. मेण काढलें म्हणजे तोच भाग नक्षी होऊन उरतो. मधमाशांचें मेण सुमारें ६३ अंशांस वितळतें, म्हणून रंगाचें पाणी फार ऊन चालत नाहीं. ऊन पाण्यावांचून चढणारी नीळ या कलेस मानवली ती यामुळेंच. हें मेण लवचिक, तर पॅराफिन ठिसूळ. पॅराफिन वाढवावें, कापड चुरगळावें, कीं हवें तेवढें जाळें फुकट मिळतें.

जावांतील बायका 'चांटिंग' नांवाच्या, तांब्याच्या चोंचीच्या इवल्याशा पात्रानें मेणाची रेघ ओढतात. उंची कापडावर तीच रेघ उलट बाजूनेंहि गिरवितात. मेणास तडा जाऊं न देणें हें तेथील कसब. रवींद्रनाथ १९२७ सालीं जावास गेले. सुरेंद्रनाथ कर बरोबर होते. पुढें ही कला शांतिनिकेतनांत रुजली, पण तेथें चांटिंगच्या जागीं बहुधा कुंचला आला. कुंचल्याच्या रुंद फटकाऱ्यानें ज्या मोकळ्या जागा पडतात, त्या भरावयास भेग आयतीच सांपडली, असें आम्हांस वाटतें. छंदवर्गांनीं तर तिलाच देव्हाऱ्यांत बसविलें!

कोणी म्हणेल, चिनी कुंभारांनीं झिलईवरील भेगा मुद्दाम जोपासल्याच ना? खरें, पण भांड्याचा घाट आधीं साधलेला असे. बाटिकाच्या पटावरील भेगा मनानें पुसून पाहाव्या. खालीं मोराची मान उरते काय? वेलीचें वळण उरते काय? पुष्कळ ठिकाणीं नुसता डाग उरतो.

या कलेच्या प्राचीनतेसाठीं अजिंठ्याचा दाखला देणारांनीं पाचव्या शतकांतील तीं चित्रें पुन्हां एकवार न्याहाळावीं. वस्त्रांवरील ते पट्टे व ठिपके मेणाचे, बांधणीचे कीं मागावरचे, हें भिंतीवरून ठरत नाहीं, कारण चित्र नक्षी दाखवितें, कृति नव्हे. मात्र पट्टा पट्ट्याच्या जागीं आहे आणि ठिपका ठिपक्याच्या.