'माणूस' आणि 'व्यक्ती': एका भेदाचे भाषांतर आणि तेंडुलकरांचे न्यायालय

गर्भपातविषयक तात्त्विक चर्चेत मेरी ॲन वॉरन यांचा १९७३ साली 'द मॉनिस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध अटळ ठरला आहे. निष्पाप मानवाची हत्या गैर; गर्भ हा निष्पाप मानव; म्हणून गर्भपात गैर, या अनुमानात 'मानव' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो, असे त्या दाखवितात. पहिल्या विधानात तो नैतिक समुदायाचा घटक असतो, दुसऱ्यात निव्वळ जैविक जातीचा. नैतिक अर्थासाठी त्या 'पर्सन' ही संज्ञा राखून ठेवतात आणि जाणीव, विवेक, स्वयंप्रेरित कृती, संवादक्षमता व आत्मभान ही तिची लक्षणे सुचवितात.

हा भेद मराठीत आणताना 'पर्सन'साठी 'व्यक्ती' योजण्याचा प्रघात आहे आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. मराठीत 'व्यक्ती' हा मोजणीचा, कार्यालयीन शब्द आहे. लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' मावतात. नैतिक भार वाहतो तो 'माणूस'. माणुसकी, माणूसपण, 'माणूस म्हणून जगणे' या प्रयोगांत तो स्पष्ट दिसतो. दलित साहित्याने तर आपली सारी मागणी याच शब्दात मांडली. 'गर्भ माणूस आहे, पण व्यक्ती नाही' हे वाक्य मराठी वाचकाला वॉरन यांच्या नेमके उलट ऐकू येते: जे मुख्य ते मान्य झाले, नाकारले ते किरकोळ. व्युत्पत्तीने 'व्यक्ती' म्हणजे प्रकट झालेले, म्हणून गर्भ 'अव्यक्त', असा युक्तिवाद मोहक आहे. पण व्युत्पत्ती म्हणजे प्रमाण नव्हे. शिवाय रूढ भाषेत 'पोटात जीव वाढतो'. हा तिसरा शब्द वॉरन यांच्या द्विभाजनात कोठेच बसत नाही.

जॉन लॉक यांनी आपल्या निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'मनुष्य' आणि 'पर्सन' यांचा भेद मांडताना दुसऱ्या संज्ञेला न्यायालयीन संज्ञा म्हटले होते. ही सूचना गांभीर्याने घेतली, तर विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे नाटक या वादातील एक साक्ष ठरते. ते गर्भपात कायद्याच्या (१९७१) आधीचे आहे, हे येथे विसरता कामा नये.

हौशी नटमंडळींचे ते अभिरूप न्यायालय लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते, आणि तोही खुनाच्या कलमाखाली. वस्तुतः १८६० च्या दंडसंहितेने गर्भातील बालकाचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे, असे स्पष्टीकरण देऊन गर्भपाताला स्वतंत्र कलमे दिली होती. खेळातील कायदा खऱ्या कायद्यापेक्षा कठोर आहे. 'हत्या' हा शब्दच निकाल आधी देऊन मोकळा होतो. 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दाला स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला आक्षेपही हाच. परंतु त्याच न्यायासनावरून काशीकर अखेरीस गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात. आरोपात ज्याचा खून होतो, तेच निकालात विल्हेवाट लावण्याची वस्तू होते. मधल्या काळात गर्भाचे एकही लक्षण बदललेले नाही. बदलली आहे ती न्यायासनाची गरज.

वॉरन यांची पाचही लक्षणे ज्या एका पात्रात निर्विवादपणे आहेत, ती बेणारे. तरीही साक्षीपुराव्याच्या दीर्घ भागात ती जवळजवळ मूक आहे आणि तिचे स्वगत प्रेक्षकांखेरीज कोणी ऐकत नाही. संवादक्षमता हा एकट्याचा गुण म्हणून मोजता येतो काय, ही माझी वॉरन यांच्याविषयीची मुख्य शंका आहे. यावर त्यांच्या बाजूने उत्तर देता येईल: दर्जा नाकारला जाणे म्हणजे दर्जा नसणे नव्हे. हे उत्तर मला बळकट वाटते. किंबहुना बेणारेवर अन्याय झाला, असे म्हणण्यासाठी आपल्याला अशाच एखाद्या निकषाचा आधार लागतो. मात्र बेणारेला गर्भ हवा आहे तो निकषांमुळे नव्हे. ती त्याला नात्याने ओळखते, त्याच्यासाठी नाव आणि घर मागते. प्राध्यापक दामले या नाटकात केवळ उल्लेखापुरते आहेत; त्यांच्या दर्जाचा प्रश्न कोणाला पडत नाही.

बार्बरा जॉन्सन यांनी १९८६ मध्ये 'डायक्रिटिक्स'मधील लेखात, ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या 'द मदर' (१९४५) या कवितेच्या आधारे, संबोधन हेच अनुपस्थिताला सजीव करते असे दाखविले. त्या कवितेत आई न जन्मलेल्यांना संबोधिते. तेंडुलकरांच्या न्यायालयात संबोधन सारे आरोपीच्या दिशेने जाते, पण ते तिला सजीव करण्याऐवजी गोठविते. जॉन्सन यांच्या सिद्धान्ताला ही बाजू जोडावयास हवी.

लॉक यांनी त्याच प्रकरणात विवेकाने बोलणाऱ्या एका पोपटाची हकिगत दिली आहे. तो कितीही शहाणा असला तरी त्याला कोणी मनुष्य म्हणणार नाही, असे ते म्हणतात. तेंडुलकरांच्या नाटकात सामंत पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट शेवटी बेणारेजवळ ठेवून जातो. हे साम्य योगायोगाचेच. पण नाटकातील बालगीतातला पोपटच चिमणीची विचारपूस करतो, आणि रंगमंचावर त्या क्षणी दुसरे कोणीही ते करीत नाही.