कॅलेंडरची पाठ

इतवारीतल्या आमच्या घरात वाचनाची एक जागा अशी आहे, जिथे बसायची सोय नाही. स्वयंपाकघराच्या दारालगत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला कॅलेंडर. गॅसवर दूध असतं, एक डोळा दुधावर, एक हात पान उचलून धरलेला, आणि मागच्या बाजूला छापलेलं काहीतरी वाचणं चाललेलं असतं. विषय बहुतेक वेळा ठरलेला: ॲसिडिटी, गुडघेदुखी, झोप, रक्तदाब, साखर. खाली दुकान नि वर घर अशी आमची ओळ आहे. वरच्या मजल्यांवर मराठी घरांत ‘कालनिर्णय’ दिसतं, हिंदी बोलणाऱ्या घरांत जबलपूरहून येणारं लाला रामस्वरूप यांचं. शिवाय ज्यांच्याकडे सोनं घेतलं त्या सराफाचं किंवा ज्यांच्याकडे महिन्याचा किराणा भरतो त्यांचं एक फुकटातलं असतंच. पुस्तकांचं कपाट नसलेलं घर इथे सापडेल, कॅलेंडर नसलेलं सापडणं कठीण.

दिवाळी अंकातल्या कथेवर आपण चर्चा करतो. रविवारच्या पुरवणीतल्या लेखावरही करतो. या मागच्या पानावर कोणी बोलत नाही. वाचून झालेलं असतं, पण ‘वाचलं’ असं आपण म्हणत नाही. एखादा मजकूर वर्षानुवर्षं इतक्या घरांत, इतक्या जणांसमोर लटकत असेल, तर तो कसा लिहिला जातो, कोणाला उद्देशून लिहिला जातो आणि कोणाला वगळतो, हे विचारायला हवं.

थोडा इतिहास. ‘कालनिर्णय’ १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं. त्याआधीही घरात पंचांग होतंच, दाते किंवा राजंदेकर. पण ते वाचायला यावं लागायचं. तिथी, नक्षत्र, करण यांचे ते बारीक रकाने म्हणजे जाणकारांचं काम. एकादशी कधी, चतुर्थीचा चंद्रोदय किती वाजता, हे कोणाला तरी विचारावं लागे. साळगावकरांनी पंचांग महिन्याच्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर आणलं आणि विचारायची गरज कमी केली. पुढच्या बाजूने गुरुजींचं काम सोपं केलं, तसंच काहीसं मागच्या बाजूने डॉक्टरांचं केलं. तिथे लेख आले, पाककृती आल्या, राशिभविष्य आलं आणि आरोग्यही आलं. ज्ञान माजघरातून स्वयंपाकघरात आलं म्हणा ना. हे काम लहान नाही, आणि ते कोणी साहित्य म्हणून केलं नाही म्हणून ते कमीही ठरत नाही.

आता मजकुराकडे. मागच्या पानावरच्या आरोग्यलेखाची घडण उभ्याने वाचणाऱ्यासाठी केलेली असते. दूध उतू जायच्या आत संपेल एवढीच लांबी. वर लेखकाचं नाव, बहुधा पुढे ‘डॉ.’. सुरुवातीला ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ या जातीचं एक वाक्य, मग आजाराची कारणं, मग लक्षणं, मग उपाय, आणि शेवटी वैद्यकीय सल्ला घेण्याची सूचना. भाषा शांत. घाबरवत नाही, चमत्काराचं आश्वासन देत नाही. एका महिन्याला एखादाच आजार. काळजी करायची तर तिलाही एक माप आहे, असं ते पान न बोलता सांगतं. हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

पण जरा क्रियापदं बघा. ‘तळलेले पदार्थ टाळावेत.’ ‘जेवणात मीठ कमी असावे.’ ‘रात्रीचे जेवण लवकर घ्यावे.’ ‘पालेभाज्यांचे प्रमाण वाढवावे.’ ही वाक्यं मी कुठल्याही एका लेखातून उचललेली नाहीत. या जातीच्या लेखनाचा साचाच असा आहे. यातल्या कुठल्याच वाक्याला कर्ता नाही. मराठीतला हा ‘-वे’ मोठा सभ्य प्रत्यय आहे. तो कोणाकडे बोट दाखवत नाही, म्हणून कोणी नाराजही होत नाही. पण घरात वाक्य उतरलं की कर्ता लागतोच. तळणारं कोण? मीठ घालणारं कोण? पालेभाजी निवडायला बसणारं कोण? ‘रात्रीचे जेवण लवकर घ्यावे’ याचा आमच्या घरातला अर्थ असा की दुकान बंद करून साडेनऊला वर येणाऱ्या माणसासाठी आठ वाजता पोळ्या तयार हव्यात, आणि साडेनऊला त्या पुन्हा गरम करायला कोणीतरी जागं हवं.

म्हणजे या लेखात रुग्ण एक आणि वाचक दुसरा. साखर बाबांची, पान उचलून वाचणारी आई. धाप आजोबांना, आणि वाफ कशी द्यायची हे सुनेला पाठ. लेखकाच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण आपलं पान कोणत्या दाराशी टांगलं जातं हे त्याला ठाऊक असतं, आणि भाषा त्या ठाऊक असण्यावर चालते. सगळ्या घराच्या तब्येतीची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकायची आणि वाक्यात तिचं नावही घ्यायचं नाही, हे तो ‘-वे’ बिनबोभाट करतो.

त्याच कागदावर, किंवा पुढच्या महिन्याच्या मागे, पाककृती असते. तूप, साखर, खवा, काजू. ‘कालनिर्णय’ची तर ‘आरोग्य’ आणि ‘स्वादिष्ट’ अशी वेगवेगळी आवृत्तीही निघते. यावर हसणं सोपं आहे. मला मात्र इथे कॅलेंडर घराशी प्रामाणिक वाटतं. आपल्या घरांतही हे दोन्ही एकाच भिंतीला टांगलेलं असतं. सोमवारी रिपोर्ट आणायचा आणि रविवारी सावजी रस्सा. ‘आज सणाचं आहे, एक दिवसाने काय होते’ हे वाक्य म्हणणाराही घरातच. कागदावरची ही विसंगती छापणाऱ्याने तयार केलेली नाही, घरातूनच ती तिथे गेली आहे. तक्रार एवढीच की दोन्ही पानं एकमेकांशी बोलत नाहीत. पाककृतीत मधुमेहाचा माणूस नसतो आणि मधुमेहाच्या लेखात सण नसतो. ज्या बाईला एकाच संध्याकाळी दोन्ही सांभाळायचे आहेत, तिला पानं मधोमध एकटं सोडतात.

दुसरी अडचण सरासरीची. राज्यभराच्या भिंतींसाठी एक पान लिहायचं तर सगळ्यांना लागू होणारे आजार निवडावे लागतात. नागपूरचा मे महिना सरासरीत बसत नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात गेल्यावर ‘भरपूर पाणी प्यावे’ हे वाक्य फार तोकडं पडतं. इथे प्रश्न असतो तो दुपारी बारानंतर हमालाने पोती उचलायची की नाही हा. सिकलसेल सरासरीत बसत नाही. तो रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या अनेक कुटुंबांचा रोजचा प्रश्न आहे. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. अशा घराला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याचा काय उपयोग? त्यांना लग्न ठरवण्याआधी करायची तपासणी आणि बाळ जन्मल्यावर करायची तपासणी हव्या असतात. मोठ्या वाचकवर्गासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडतो, कॅलेंडरलाही पडतो. पण पेच आहे म्हणून वाचकाने तो पाहायचाच नाही असं होत नाही.

आरोग्यावरचा एक फार जुना मजकूर आमच्या इतवारीचा स्वतःचा आहे, आणि तो छापील नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासून निघते आहे. बांबू-कागदाच्या त्या प्रचंड पुतळ्यांसमोर गर्दी ओरडते, रोगराई, खोकला, इडापिडा सगळं घेऊन जा. सोबतचे बडगे त्या वर्षीच्या पिडा दाखवतात: महागाई, भ्रष्टाचार, कधी एखादी साथ. मग मारबत नेऊन जाळतात. वैद्यकशास्त्र म्हणून याला काही किंमत नाही, आणि तशी कोणी मागतही नाही. पण वाङ्मय म्हणून कॅलेंडरशेजारी ठेवून बघा. मारबतीपुढे आख्खं शहर ‘घेऊन जा’ म्हणतं. कॅलेंडर घराला ‘घ्यावे’ म्हणतं: पाणी घ्यावे, विश्रांती घ्यावी, काळजी घ्यावी. क्रियापद तेच, दिशा उलटी. रस्त्यावर आजार सगळ्यांचा असतो, त्याची जोडी महागाईशी लावलेली असते, त्याला शिव्या घालता येतात. वर घरात आला की तोच आजार एका घराचा, मग एका स्वयंपाकघराचा, आणि शेवटी ‘तू नीट लक्ष दिलं नाही’ इथपर्यंत येऊन थांबतो. डेंग्यू तुंबलेल्या गटारातून आला की आपल्या कूलरच्या टाकीतून, हा प्रश्न मारबतीच्या दिवशी चौकात विचारता येतो. मागच्या पानावर फक्त कूलरची टाकी उरते.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येऊ. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी येणारा ‘दालचिनी नि मध, साखर कायमची गायब’ हा मजकूर त्याच मागच्या पानाचा वंशज आहे, पण वारसा अर्धाच घेतलेला. घरगुतीपणा घेतला, नाव, पत्ता आणि वर्ष टाकून दिलं. कॅलेंडरवरच्या मजकुराला प्रकाशक असतो, त्याला पत्र लिहिता येतं, पुढच्या वर्षी दुरुस्ती होऊ शकते. जाहिरातींना तर १९५४चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेहासारखे ठरावीक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. फॉरवर्डला ना प्रकाशक, ना वर्ष. तो काकांनी प्रेमाने पाठवलेला असतो. प्रेमाने पाठवलेल्या गोष्टीला पुरावा मागणं आपल्याकडे उद्धटपणा ठरतो. शिवाय फोनला महिना नाही. रात्री दोन वाजता छातीत बारीक दुखलं की तो अकरा आजार एकदम दाखवतो, आणि सकाळपर्यंत दाखवतच राहतो.

तरीही फोनच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. भिंतीवरचं पान सगळ्यांसमोर उचलावं लागतं. अंगावरून पांढरं जाणं, गर्भनिरोधक गोळी, नैराश्य, लिंगाची खाज यांवर कॅलेंडरने लेख छापला, तरी सासऱ्यांसमोर उभं राहून तो वाचणार कोण? एकोणीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला जो प्रश्न घरात विचारता येत नाही, तो फोनला विचारता येतो. उत्तर चुकीचं मिळू शकतं, पण प्रश्न तरी फुटतो. भिंतीची मर्यादा ही की तिच्यावर घरातली लाजही टांगलेली असते.

लाज चुकवायची एक लिपी मात्र त्याच कॅलेंडरवर आहे, पुढच्या बाजूला. दूधवाल्याचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बाबांची तपासणी, बाळाला नऊ महिने पुरे झाल्यावर द्यायची गोवर-रुबेलाची लस, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन. आणि कुठल्यातरी आकड्याच्या कोपऱ्यात पेनाचं एक बारीक टिंब, ज्याचा अर्थ घरातल्या एकीलाच ठाऊक. दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात तो त्या टिंबाचा. गरोदरपणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. म्हणजे सोनोग्राफीच्या आधी घरातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय कागद हे कॅलेंडरच असतं. मागच्या बाजूच्या लेखांत जी कर्ता म्हणून कुठेच दिसत नाही, ती पुढच्या बाजूची लेखिका आहे. तिच्या लेखनात एकही ‘-वे’ नाही. आकडे आहेत, खुणा आहेत, आणि त्या बहुतेक दुसऱ्यांच्या आहेत. तिची स्वतःची खूण सर्वांत लहान. ‘रक्त तपासणे, मी’ असं लिहिलेली चौकट आपल्या घरच्या कॅलेंडरवर शोधा. सापडायला वेळ लागेल.

तेव्हा मागच्या पानाच्या लेखकांकडे एक मागणी आहे. कर्ता लिहा. ‘ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी स्वतःचं मीठ स्वतः मोजावं’ असं एक वाक्य छापा; तेवढ्या वाक्यावर घरात पहिलं भांडण होईल, आणि ते होण्याजोगं भांडण आहे. आणि वाचकांकडे एक. जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं की जुन्याचे कागद फडताळात अंथरले जातात, पाठ्यपुस्तकांना चढवले जातात. मजकुराची बाजू वर, तारखांची खाली. वर्षभराच्या तपासण्या, ताप, टिंबं डब्यांखाली जातात, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘हे कधीपासून?’ विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कागद अंथरायच्या आधी दहा मिनिटं बसून त्या तारखा एका वहीत उतरवून घ्या. ही वही घरातल्या तरण्या पोराने लिहावी असं मी म्हणेन, कारण आईला त्या तारखा पाठ आहेत. प्रश्न बाकीच्यांचा आहे. उतरवताना कोणाच्या नावापुढे किती नोंदी आहेत हेही मोजता येईल, आणि कोणाच्या नावापुढे एकही नाही हेही.