रक्त ‘धुण्या’चा तर्क

मंडळी, आज आमची टीका आहे ती एका शब्दावर: ‘रक्तशुद्धी’.

सेप्सिसचा रुग्ण अतिदक्षता विभागात आहे, रक्तदाब औषधांवर टिकवलेला. डॉक्टर सुचवतात, प्लाझ्मा एक्स्चेंज करून बघू. यंत्रातून रक्त फिरवायचं, पेशी परत द्यायच्या, प्लाझ्मा काढून टाकायचा, त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरायचा. बाहेर नातेवाइकांना मात्र सांगितलं जातं, ‘रक्त धुऊन काढतो.’ झालं! धुणं म्हटलं की मळ आला, आणि मळ गेला की कापड स्वच्छ. विचारायला काही उरतच नाही.

पण इथे मळ कुठला? २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानेच दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यात अवयव निकामी होऊ लागतात. दाह वाढवणारे रेणू ज्या प्लाझ्मात, त्यातच दाह आवरणारेही, प्रतिपिंडंही, काही प्रतिजैविकंही. यंत्राला यांत निवड करता येत नाही. शरीरात असेल तेवढा प्लाझ्मा एकदा बदलला, की रक्तात फिरणाऱ्या पदार्थाचा सुमारे ६३ टक्के भाग निघतो, हितकराचाही. टीटीपी नावाच्या रक्तविकारात हाच उपचार जीव वाचवतो, हे खरं. तिथे एका विशिष्ट एन्झाइमवर उठलेली प्रतिपिंडं काढायची आणि तेच एन्झाइम भरून द्यायचं. दोष नेमका ठाऊक आहे. सेप्सिसमध्ये आपण त्या यशाची उसनवारी करतो.

पुरावा? रशियातल्या अर्खांगेल्स्कच्या रुग्णालयातला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण १०६. अठ्ठावीस दिवसांत उपचार घेतलेल्यांपैकी ३३.३ टक्के दगावले, इतरांपैकी ५३.८. आकडा डोळ्यांत भरतो. पण इतर घटकांचा हिशेब धरल्यावर तो फरक नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही.

आमचे नैयायिक इथे ‘उपाधी’ शोधतात. आग तिथे धूर म्हणता? मग लाकूड ओलं होतं का ते आधी सांगा. तापल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. ‘प्लाझ्मा बदलला आणि रुग्ण उठून बसला’ या गोष्टीतलं ओलं लाकूड कोणतं? त्याच दिवशी पू काढला असेल, प्रतिजैविक बदललं असेल, किंवा यंत्र येईपर्यंत तग धरणाराच रुग्ण निवडला गेला असेल. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात ते या उपाधी झाडायलाच, पण १०६ माणसांत त्या पुरत्या झडत नाहीत. आणि मोठ्या आकड्यानेही निर्धास्त होऊ नये. ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे सेप्सिसवरचं औषध २००१ मध्ये १६९० रुग्णांवरच्या चाचणीत यशस्वी ठरलं होतं. नव्या चाचणीत फायदा दिसेना, तेव्हा २०११ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं.

‘माणूस मरतोय आणि तुम्ही न्यायशास्त्र सांगताय,’ असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. डॉक्टरांनी हा उपचार करूच नये, असं आम्ही म्हणत नाही. चाचणीत सामील करून केला तर उत्तमच. पण घर गहाण टाकायला निघालेल्या मुलाला दारात उभं करून ‘धुतो’ म्हणू नये. ‘याने फायदा होतो की नाही, हे अजून ठरलेलं नाही, खर्च इतका, धोके हे, नको म्हणालात तरी बाकी उपचार चालूच राहतील,’ एवढं म्हणायला दोन मिनिटं लागतात.