कोळशाला फोटो व्हायचंय

चित्राखालच्या चिठ्ठीवर माध्यमाच्या शेजारी तास लिहायची टूम कुणी काढली? परवा व्यक्तिचित्रांच्या एका प्रदर्शनात आजींच्या चित्राखाली वाचलं : 'कोळसा, १८० तास'. चित्र आठ फुटांवरून फोटो वाटत होतं आणि आठ इंचांवरूनही फोटोच वाटत होतं. लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा, चष्म्याच्या काचेत खिडकी, खिडकीला गज. चित्रकार तरुण, नम्र. विचारलं, "आजी किती वेळ बसल्या होत्या?" तो गोंधळला. "बसल्या नाहीत, सर. नातवानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता."

पेन्सिल, कोळसा, पेस्टल, जलरंग, तैलरंग अशा पाच माध्यमांतली कामं हे त्या प्रदर्शनाचं आकर्षण होतं. रंगीत चित्रांच्या चिठ्ठ्या आपसात आणि काळ्या-पांढऱ्यांच्या आपसात बदलल्या असत्या, तर कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मी तिथून चिडून बाहेर पडलो. तो राग त्या मुलावर नाही. एकामागून एक प्रदर्शनांत मी हेच बघतो आहे.

प्रत्येक माध्यमात उजेड वेगळ्या वाटेनं येतो. जलरंगात तो आधीपासून राखावा लागतो. कागदाचा पांढरा एकदा गेला की गेला. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते रविवर्म्याचं तैलचित्र आहे असं छातीठोकपणे सांगणारी माणसं अजून भेटतात. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड जलरंगातला आहे, आणि दिवा घेऊन समोर हळदणकरांची मुलगी, गीता, उभी होती. कोळशाचं उलटं. आधी सगळा कागद चोळून करडा करायचा, मग रबरानं कपाळ उघडं करायचं; उजेड तिथे खोदून काढावा लागतो. पेस्टलमध्ये तो सगळ्यात शेवटी येतो, एका जाड फटकाऱ्यात, आणि त्यावर बोट फिरलं की मरतो. पेन्सिलीला तर खरा काळा जमतच नाही. गडद केली की चमकायला लागते. म्हणून पेन्सिलीनं काढलेलं डोकं रेषेवर उभं राहतं, छायेवर नाही.

हे सारं पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पाठ म्हणून दाखवेल. मग कागदावर का उतरत नाही? कारण फोटोत उजेडाचा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. उरते ती नक्कल, आणि नकलेला कुठलंही माध्यम चालतं.

आता मला आवडतं ते सांगतो. मुंबई-पुण्यात व्यक्तिचित्रांची प्रात्यक्षिकं होतात. माणूस समोर बसवून, लोकांदेखत, दोन-अडीच तासांत. त्यातलं एक मी विसरणार नाही. मॉडेल म्हणून इमारतीचे वयस्क रखवालदार बसले होते, नवा सदरा घालून, छाती काढून. चित्रकारानं कोळशाच्या चार फटकाऱ्यांत तो ताठा धरला. वीसेक मिनिटांनी म्हातारबुवा दमले. डावा खांदा खाली आला, खालचा ओठ किंचित सुटला. चित्रकार थांबला, फडक्यानं तो चांगला जमलेला खांदा सरळ पुसला आणि पडलेला खांदा काढला. पुसलेल्याची पुसट सावली कागदावर राहिली ती राहिलीच. एका कागदावर माणूस दोनदा बसलेला. १८० तासांच्या कुठल्या चित्रात हे आहे, दाखवा.

चित्रकार वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च सन्मान मिळाला तो पत्नीच्या चित्राला. आपण त्यातला सन्मान लक्षात ठेवला. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेलं माणूस रंगवलंय हे विसरलो. मॉलमधली पाच मिनिटांची अर्कचित्रं निदान समोरच्याकडे बघून काढलेली असतात.

ऑर्डरीच्या कामाला नाक मुरडणाऱ्यांचाही मला कंटाळा आला आहे. पिठावालांपासून देऊसकरांपर्यंत आपल्या सगळ्या जुन्या व्यक्तिचित्रकारांनी ऑर्डरी घेतल्या. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये जाऊन चित्रकार त्रिंदादांची चित्रं बघा आणि मग पोटासाठी रंगवलं की कला बाटते, हे मला पुन्हा ऐकवा. पैसा देणारा गिऱ्हाईक कधीच अडचण नव्हता. अडचण एवढीच की आता गिऱ्हाईक बसत नाही आणि चित्रकार त्याला बसा म्हणत नाही.

माणूस समोर बसवा म्हटलं की लगेच उत्तर येतं, रविवर्माही फोटो वापरत. वापरत ना! पण तेव्हाचा फोटो काळा-पांढरा. गालाचा रंग, मानेखालची ऊब, सगळं चित्रकाराला स्वतःच्या गाठोड्यातून काढावं लागे, आणि ते गाठोडं जिवंत माणसं रंगवूनच भरलेलं असे. आजचा मोबाइलचा फोटो हातभर अंतरावरून काढलेला : नाक फुगतं, कान मागे पळतात. आमचे पोरगे तेच फुगलेलं नाक चौकटी पाडून इमानेइतबारे मोठं करतात आणि त्याला साधर्म्य म्हणतात. वर गिऱ्हाईक सांगतो, काकूंच्या सुरकुत्या जरा कमी करा. त्याही कमी होतात. त्याचे तास चिठ्ठीवर धरतात की नाही, ठाऊक नाही.

माझं म्हणणं साधं आहे. तीन बैठका, तासा-तासाच्या. त्याचे पैसे लावा, हवं तर दुप्पट लावा. गिऱ्हाइकाला वेळ नसेल तर एकच बैठक आणि कोळसा. तेवढाही नसेल तर त्याला फोटोग्राफरचा पत्ता द्या. तो हे काम जास्त चांगलं आणि स्वस्तात करतो.

"आणि वारलेल्यांचं काय? निम्म्या ऑर्डरी त्यांच्याच असतात." हा प्रश्न त्या तरुण चित्रकारानंच मला केला, आणि रास्त केला. तिथे फोटोला इलाज नाही. पण फोटो आणणाऱ्या मुलाला तरी अर्धा तास बसवा. कान बापाचेच असतात पुष्कळदा, हनुवटीही. त्या आजींचा नातू तर प्रदर्शनातच होता, चित्राशेजारी उभा राहून सेल्फी काढत. गालाचं हाड तेच. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो. चित्रकार मोबाइलमध्ये पुढच्या ऑर्डरीचा फोटो मोठा करून बघत होता.