सूत्रं वाचकाच्या हाती

भयकथांचे वेबटून, म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायच्या चित्रकथांचे, संग्रह आताशा सुरुवातीलाच बजावतात : हेडफोन लावा, आवाज वाढवा. ही सूचना वाचली की चीड येते. आपल्या रेषांवर आपलाच भरवसा उरलेला नाही, अशी ती चित्रकाराची कबुली असते. 2011 साली कोरियन चित्रकथाकार होरांगच्या ‘बोंगचॉन-दोंगचं भूत’ आणि ‘ओक्सू स्टेशनचं भूत’ या कथा नेव्हर वेबटूनवर आल्या, आणि आवाज-हालचालीचा हा प्रकार तिथून फोफावला. दोष होरांगचा मात्र नाही. यातल्या पहिल्या कथेत रात्री घरी निघालेल्या शाळकरी मुलीला हातपाय वेडेवाकडे झालेली एक बाई बाळाचा पत्ता विचारते आणि घाबरलेली मुलगी भलतीकडेच बोट दाखवते. वाचक चौकटी एकेक करत खाली सरकवत असतो, आणि एकाएकी पान आपलं आपण धावू लागतं, बाई थेट अंगावर येते. किती पुढे जायचं हे आजवर वाचक ठरवत होता. तोच हक्क हिरावला जातो म्हणून तिथे भय आहे. फसवलेली बाई परतणार हे कथेनेच पेरून ठेवलेलं असतं, त्यामुळे ती हालचाल कथेतूनच उगवते.

नंतरच्यांनी हा हक्कभंग नेमाचा करून टाकला. ‘चिलर’सारख्या संग्रहांत तर हालचाल येणार हे धरूनच वाचक बसतो, आणि धरून बसलेल्याला फार तर दचकवता येतं. या माध्यमाचं खरं सामर्थ्य चित्रकथाकार एमिली कॅरोलने 2010 मध्येच दाखवलं होतं. ‘हिज फेस ऑल रेड’मध्ये भावाला मारणारा माणूस शेवटी एका खोल खड्ड्यात उतरतो, आणि त्याला खाली नेतो तो वाचकाचाच हात. थांबायची मुभा असूनही आपण थांबत नाही. त्या उतरण्यात आपलाही वाटा असतो. ओ सोंग-देच्या ‘टेल्स ऑफ द अनयूज्वल’मधलं भयही असंच चित्राच्या आणि कल्पनेच्या बळावर उभं राहतं.

सिनेमाला ध्वनी चालतो, मग इथे का नको, असं विचारलं जाईल. सिनेमाचा काळ दिग्दर्शकाच्या ताब्यात असतो, म्हणून ध्वनी नेमक्या क्षणी पडतो. चित्रकथेत कुणी चौकटीवर रेंगाळतो, कुणी ती झरझर ओलांडतो. दोघांना एकाच क्षणी किंचाळी ऐकवायची तर दोघांचं वाचणं मोडावं लागतं. फोनवर वाढलेल्या पिढीला हेच हवं असतं, हा युक्तिवाद तर त्या पिढीचा अपमान आहे. हालचाल कथेतूनच उगवणाऱ्या होरांगच्या कथा जगभर पसरवल्या त्या तरुण वाचकांनीच. तेव्हा संपादकांनी प्रत्येक कथा आधी आवाज आणि हालचाल काढून वाचावी, आणि तशी ती घाबरवत नसेल तर चित्रकाराला परत करावी.