रबराच्या कडेचं रसग्रहण

वायपरच्या ब्लेडमध्ये थांबून बघावी अशी जागा एकच आहे, रबराची खालची कड. वरचा पत्र्याचा सांगाडा, प्लॅस्टिकचं टोपण, पाकिटावरचा मुसळधार पावसाचा फोटो हा सगळा लवाजमा त्या कडेच्या दिमतीला असतो. जुनं ब्लेड हातात घ्या, उलटं करा आणि ती कड अंगठ्याने हळूच ढकलून बघा. वर जाड अंग, मध्ये एकदम बारीक झालेली मान आणि मानेखाली निमुळता होत गेलेला ओठ. ओठाचं टोक गोल नसतं, सपाट कापलेलं असतं. त्या कापाला दोन धारदार कोपरे येतात. वायपर डावीकडे जाताना एक कोपरा काचेला टेकतो, उजवीकडे येताना दुसरा.

मान बारीक ठेवली आहे ती ओठाला कूस बदलता यावी म्हणून. फेरीच्या टोकाला आर्म थबकतो, ओठ क्षणभर उभा राहतो आणि वहीचं पान उलटावं तसा दुसऱ्या अंगावर पडतो. मग अंग पुढे आणि ओठ मागे, असा तो तिरका घसटत जातो. समोरचं पाणी कडेला सरतं. मागे राहतो तो थर इतका पातळ, की डोळ्याला दिसत नाही. हा थर राहायलाच हवा, कारण तेच रबराचं वंगण. कोरड्या काचेवर हेच ब्लेड करकरतं. या सगळ्या यंत्रात मला सर्वांत जास्त दाद द्यावीशी वाटते ती या कूस बदलण्याला. चांगल्या ब्लेडमध्ये ते इतक्या गुपचूप होतं की गाडी चालवणाऱ्याला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही.

परळमध्ये ही कड पावसाने जेवढी झिजते त्याहून जास्त उन्हाने मरते. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरला परततो. म्हणजे वर्षातले आठ महिने हे रबर तापलेल्या काचेवर एकाच कुशीवर पडून असतं. चाळीच्या गल्लीत लावलेल्या गाडीला छप्पर कुठलं? ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, त्यात बारीक चिरा पाडतात आणि ओठ एका बाजूला कायमचा झुकून बसतो. जूनमध्ये बटण फिरवलं की वायपर जाताना नीट जातो आणि येताना टरटर उड्या मारत येतो, कारण ओठ उलटतच नाही. त्यात परळची धूळ. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले तेव्हा उडाली ती एक, एल्फिन्स्टन पुलाचं पाडकाम निघालं तेव्हाची दुसरी. अशा धुळीवर कोरडा वायपर फिरवला की ओठाच्या धारेत खाचा पडल्याच म्हणून समजा.

इथे एका माणसाला श्रेय दिलं पाहिजे. पहाटे बादली आणि फडकं घेऊन येणारा गाडी धुणारा. काम झालं की तो दोन्ही वायपर उभे करून जातो. ती त्याची हजेरी असते, ‘तुमची गाडी झाली’ एवढाच तिचा अर्थ. पण तेवढा वेळ तरी रबर काचेपासून सुटं राहतं, आणि ओठाला सरळ व्हायची सवड मिळते. पुढे कोणी तरी क्लासची किंवा वन बीएचकेची जाहिरात खाली खोचायला ते पुन्हा पाडतोच.

ब्लेड बदलायची वेळ झाली का, हे कॅलेंडर बघून कळत नाही. काच वाचावी लागते. दर फेरीला त्याच जागी एक बारीक सरळ रेघ उमटत असेल तर ओठात कण अडकलाय किंवा खाच पडली आहे. ओल्या फडक्याने ओठ पुसून बघा. रेघ गेली तर पैसे वाचले, राहिली तर ब्लेड गेलं. मधोमध रुंद पट्टा ओला राहत असेल तर रबराला दोष देण्याआधी दाबाकडे बघायचं. सांगाड्याचा सांधा गंजून घट्ट बसलेला असतो, नाहीतर आर्मची स्प्रिंग ढिली पडलेली असते. स्प्रिंगच ढिली असेल तर महागातलं महाग ब्लेड लावलं तरी पट्टा तसाच राहतो, आणि हे काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही. काचेवर आडव्या लाटा उमटत असतील तर कड कडक झाली आहे किंवा आर्म पिळला गेला आहे. पिळलेल्या आर्ममुळे ब्लेड काचेशी काटकोनात राहत नाही, मग एका दिशेला ओठ बरा चालतो आणि दुसऱ्या दिशेला अडखळतो. मेकॅनिक पकडीने आर्मला हलका पीळ देऊन हे सरळ करतो.

सगळ्यात फसवी खूण म्हणजे धूसर पडदा. वायपर पुढे गेला की मागे दुधी थर येतो, हळूहळू विरतो, तोवर पुढची फेरी. रात्री आंबेडकर रोडवर समोरून बस आली की तिच्या दिव्यात अख्खी काच रंगीत होऊन पसरते. लोक चिडून ब्लेड बदलतात आणि पडदा कायम राहतो. तो असतो तेलाचा. डिझेलचा धूर, रस्त्यावरून उडालेलं ग्रीस, गाडीला मारलेलं पॉलिश, हे सगळं महिनोन्महिने काचेवर साचलेलं असतं. त्याला भांड्याच्या साबणाने काच घासून धुण्याखेरीज इलाज नाही. नवं ब्लेड त्या तेलावर लावलं तर पहिल्या दिवसापासून तेही खराब पुसणार.

आता दुकान. ‘गाडी कुठली? कुठल्या सालची?’ एवढं विचारून दुकानदार दांडीवरून दोन पाकिटं काढतो. ‘फ्रेमलेस घ्या दादा, सगळ्यांना बसतं.’ सगळ्यांना बसतं हे ऐकलं की पाकीट तिथेच उघडायला लावावं. आत तीन-चार प्लॅस्टिकचे तुकडे निघतात, त्यातला एक तुमच्या आर्मला लागतो. तो लागतो हे खरं, पण घट्ट लागतो का, हे ब्लेड हातात धरून हलवल्यावरच कळतं. खटखट आवाज आला तर ते परत द्यावं. बऱ्याच गाड्यांचा आर्म टोकाला यू आकारात वळलेला असतो, त्याला दुकानात ‘हुकवाला’ म्हणतात. काहींना पिन असते, काहींना दाबायचं बटण. एकाच मॉडेलचं साल बदललं की आर्मही बदललेला असू शकतो, म्हणून जुनं ब्लेड काढून बरोबर नेणं उत्तम. काढताना मात्र उघड्या आर्मखाली घडी घातलेलं फडकं ठेवा. ब्लेडशिवायचा आर्म सटकून काचेवर आपटला तर ब्लेडच्या खरेदीत काचेचा खर्च येतो.

लांबी दुकानात इंचात बोलली जाते आणि पाकिटावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते: 16 इंच म्हणजे 400, 24 म्हणजे 600. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं ब्लेड मोठं असतं. जास्त काच पुसावी म्हणून एक इंच वाढवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. लांब ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटतं नाहीतर शेजारच्या ब्लेडला अडतं, आणि तसं झालं नाही तरी स्प्रिंगचा तेवढाच दाब जास्त लांबीवर पसरून पातळ होतो. आखूड घेतलं तर काचेवर न पुसलेली कमान राहते, ती बरोबर सिग्नल बघायच्या जागी.

फ्रेमवालं घ्यायचं की फ्रेमलेस, हा वाद मात्र खरा आहे. जुन्या पद्धतीत एक मोठी पत्र्याची कमान खालच्या लहान कमानींवर दाब वाटून देते, आणि त्या कमानींची नखं रबराला सात-आठ ठिकाणी धरतात. दाब त्या ठिकाणी जास्त, मधल्या जागी कमी. फ्रेमलेसमध्ये आधीच बाक दिलेली एकच पोलादी पट्टी असते, ती सबंध लांबीवर सारखा दाब देते. बॉशने असं ब्लेड 1999 मध्ये बाजारात आणलं. कल्पना देखणी आहे, पण पट्टीचा बाक त्या गाडीच्या काचेच्या बाकाशी जुळला तरच. स्वस्तातल्या ‘सगळ्यांना बसतं’ ब्लेडचा बाक कुठल्याच काचेचा नसतो, म्हणून त्यांची दोन्ही टोकं हवेत राहतात. माझं मत असं, की जुन्या, कमी बाकाच्या काचेला साधं फ्रेमवालं घ्यावं आणि सांधे मोकळे असतील तर नुसती रबराची रिफिल टाकावी. मोठ्या, जास्त बाकाच्या काचेच्या नव्या गाडीला त्याच मॉडेलसाठी बनवलेलं फ्रेमलेस. सिलिकॉनचं रबर महाग पडतं, पण उन्हाला जास्त टिकतं, आणि उघड्यावर गाडी लावणाऱ्या परळकराला तेच हवं आहे.

केईएम आणि टाटा हॉस्पिटलबाहेर उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीला हे प्रश्न पडले नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, काच लहान, बाक थोडा, रिफिल स्वस्त. आणि वायपर बंद पडला तर ड्रायव्हरच्या खिशात तंबाखू होती. ओल्या काचेवर ती चोळली की पाण्याचे थेंब गोल न राहता पसरून एकसंध चादर होतात, आणि त्यातून रस्ता बऱ्यापैकी दिसतो. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली, आणि तंबाखूचा हा उपयोगही जवळपास तिच्याबरोबर गेला.

वायपरच्या इतिहासातली दोन माणसं मला फार आवडतात. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना 1903 मध्ये गाडीच्या आतून दांडी हलवून काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं. मोटारींच्या जगाने त्यांना त्याचा पैसा मिळू दिला नाही. रॉबर्ट कर्न्स यांच्या डाव्या डोळ्याला 1953 मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच लागलं आणि तो डोळा जवळजवळ गेला. पापणी सतत फिरत नाही, थांबून थांबून लवते, हे त्यांच्या मनात बसलं आणि त्यातून रिमझिमीत थबकत चालणारा वायपर निघाला. त्या वायपरवरून फोर्डशी त्यांचा खटला 1990 पर्यंत चालला. उलट दिशेचं, म्हणजे वायपर कमी करण्याचं धाडस बघायचं तर टाटा नॅनो: तिला एकच वायपर होता, कारण दुसऱ्याचा खर्च वाचवायचा होता. मर्सिडीजनेही काही गाड्यांना एकच वायपर दिला, पण तो फिरताना आर्म आत-बाहेर सरकून वरचे कोपरे गाठत असे. एकाच कल्पनेचं एक रूप काटकसरीचं, एक ऐटीचं, आणि मला नॅनोचं जास्त प्रामाणिक वाटतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत (1989) वायपरसाठी 101 क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. तरी हिंदमाता चौकात पाणी भरलं की आपलं सगळं लक्ष चाकांकडे जातं. त्या पाण्यासाठी पालिकेने मैदानांखाली टाक्या बांधल्या. काचेवरच्या पाण्याची व्यवस्था ज्याची त्याने करायची आहे.

ती करायची वेळही आता बदलायला हवी. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच पोचला, केईएमच्या आवारात पाणी शिरलं, आणि कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा 1918 पासूनचा विक्रम मोडला. त्या सकाळी जुन्या ब्लेडवर गाड्या काढलेले लोक रस्त्यात काच हाताने पुसत होते. म्हणून एप्रिलमध्ये काच वाचा, साबणाने धुवा, जुनं ब्लेड मोजा आणि नवं आणून घरात पाकिटातच ठेवा. आभाळ भरून आलेलं दिसलं की ते लावायला पाच मिनिटं पुरतात.