एका उपपदाचे प्रयोजन : मुळशीच्या संदर्भात

मराठीत उपपदे नाहीत. म्हणून इंग्रजी लिहिताना आपण भाववाचक नामापाशी हमखास अडखळतो. ‘अ‍ॅडव्हाइस’ला ‘अ‍ॅन’ लावतो, ‘सोसायटी’ला अकारण ‘द’ जोडतो. परीक्षक अर्धा गुण कापतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. वस्तुतः काही भाववाचक नामे ‘अ’ मुळीच स्वीकारत नाहीत. ‘पर्पज’सारखी जी स्वीकारतात, ती उपपदाविना केवळ कल्पना असतात, ‘अ’ लागताच त्या कल्पनेचे एक, पण अनिश्चित, उदाहरण होतात, ‘द’ने ते उदाहरण निश्चित होते. हा भेद केवळ शैलीचा नव्हे.

१९२१ साली मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४च्या भूसंपादन कायद्याने. २०१३अखेरपर्यंत अमलात राहिलेल्या या कायद्याची इंग्रजी संहिता भाषाभ्यासकाने अवश्य वाचावी. चौथ्या कलमात ‘एनी पब्लिक पर्पज’, सहाव्यात ‘अ पब्लिक पर्पज’, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात ‘द पर्पज’. कोणतेही, मग एखादे, मग अमुक एक : व्याकरणदृष्ट्या क्रम निर्दोष आहे. परंतु ‘द’ येते तेव्हा प्रयोजनाचे केवळ नाव सांगावे लागते. ते ‘पब्लिक’ कसे, हे सिद्ध करावे लागत नाही. लगेच तिसरे पोटकलम जाहीरनाम्यालाच निर्णायक पुरावा ठरवते. ‘पब्लिक’ या विशेषणाची चौकशी अशा रीतीने दोन उपपदांच्या मधल्या फटीत हरवते.

सहाव्या कलमात आणखी एक शब्द आहे : ‘ऑर’. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी ‘किंवा’ एखाद्या कंपनीसाठी हवी असू शकते. कंपनीची गरज म्हणजे सार्वजनिक प्रयोजन नव्हे, ही कबुली त्या अव्ययातच आहे. कायद्याचे समर्थन करणाऱ्यांपेक्षा त्याचे व्याकरण मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपण मात्र तिन्ही ठिकाणी ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढेच म्हणून मोकळे होतो. ‘कोणतेही’, ‘एखादे’, ‘ते’ हे शब्द मराठीत आहेतच. ते वापरण्याची सक्ती तेवढी नाही, आणि ही मोकळीक अनुवादकाला महागात पडते.

सत्याग्रह्यांच्या घोषणेतही ‘किंवा’ होता : ‘जान किंवा जमीन’. त्यात एकाही नामाला विशेषण नव्हते. कोणती जमीन, हे मावळात कोणाला विचारावे लागले नाही.